शिलारस, लाव्हा आणि सह्याद्रीचा काळा कातळ

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकांनी विचारलेला प्रश्न असा आहे: ‘भूपृष्ठाखाली असतो तो मॅग्मा आणि भूपृष्ठावर आला की तोच लाव्हा, एवढेच आम्ही मुलांना सांगतो. पदार्थ तोच असेल, तर दोन नावे कशासाठी? आणि आपल्या सह्याद्रीचा काळा दगड मॅग्मापासून झाला म्हणायचे की लाव्हापासून?’ दख्खनच्या पठारावर खडकांचे नकाशे करण्यात आणि विहिरींच्या जागा पाहण्यात माझी तीसेक वर्षे गेली आहेत. त्यामुळे प्रश्नाच्या दुसऱ्या भागाशी माझा नित्याचा संबंध आहे, आणि पहिल्या भागाचे उत्तरही मला त्या दगडातच सर्वांत स्पष्ट दिसते.

पाठ्यपुस्तकातील व्याख्या चुकीची नाही. मात्र तिच्यामुळे असा समज होतो की विहिरीतले पाणी घागरीत आले तरी पाणीच राहते, तसा हा तप्त रस केवळ आपली जागा बदलतो. प्रत्यक्षात भूपृष्ठ ओलांडताना त्याच्यावरचा दाब नाहीसा होतो, त्यात विरघळलेले वायू बाहेर पडतात आणि तो झपाट्याने निवू लागतो. त्याचे घटक, त्याचा घट्टपणा, त्याचे वाहणे आणि अखेरीस त्यापासून होणारा खडक, हे सर्वच बदलते. ‘पदार्थ तोच’ हे गृहीतच अर्धवट असल्यामुळे दोन नावांची गरज पडते.

ही नावे कोठून आली तेही पाहण्यासारखे आहे. मॅग्मा हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ मळलेला लगदा असा होतो, आणि त्याचे नाते ‘मळणे’ या क्रियेशी आहे. लाव्हा हा शब्द इटलीतील नेपल्सच्या बोलीतून आला. मुसळधार पावसानंतर उतारावरच्या रस्त्यांतून धावणाऱ्या लोंढ्याला तेथील लोक लाव्हा म्हणत, आणि व्हेसुव्हियस या ज्वालामुखीच्या १७३७ मधील उद्रेकाचे वर्णन करताना फ्रान्चेस्को सेराओ या वैद्याने तो शब्द वितळलेल्या खडकाच्या लोंढ्यासाठी वापरला. मराठीत मॅग्मासाठी शिलारस असा अतिशय समर्पक शब्द आहे आणि पुढे मी तोच वापरणार आहे. वर्तमानपत्रांत ‘लाव्हारस’ हा शब्द दोन्ही अर्थांनी सर्रास वापरला जातो, त्यामुळे गोंधळ वाढतो, म्हणून वर्गात तरी शिलारस आणि लाव्हा हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत असे मला मनापासून वाटते.

मळलेल्या लगद्याची उपमा शिलारसाला चांगली लागू पडते, कारण शिलारस हा निव्वळ द्रव नसतो. त्यात वितळलेला खडक असतो, त्या द्रवात आधीच तयार झालेले घन स्फटिक असतात, आणि प्रचंड दाबाखाली विरघळून राहिलेली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू असतात. कित्येकदा स्फटिकांचे प्रमाण इतके असते की भूगर्भातील तो साठा तळ्यापेक्षा चिखलासारखा असतो. आणखी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. पृथ्वीच्या पातळ कवचाखाली सर्वत्र शिलारसाचा समुद्र उसळत आहे, असे चित्र अनेकांच्या मनात असते. कवचाखालचे प्रावरण जवळजवळ संपूर्णपणे घन आहे, कारण द्रवातून जाऊ न शकणाऱ्या भूकंपाच्या दुय्यम लहरी त्यातून आरपार जातात. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रव आहे खरा, पण तो मुख्यतः लोखंडाचा आहे आणि ज्वालामुखींशी त्याच्या रसाचा थेट संबंध नाही. शिलारस काही विशिष्ट ठिकाणीच तयार होतो. प्रावरणातील तप्त खडक वर सरकताना त्याच्यावरचा दाब कमी होऊन त्याचा थोडा भाग वितळतो, किंवा समुद्रतळाचा खडक प्रावरणात खचत जाताना त्यातले पाणी वरच्या तप्त खडकात मिसळून त्याचा वितळणबिंदू खाली आणते. असा वितळलेला भाग सभोवतालच्या घन खडकापेक्षा हलका असल्यामुळे वर चढू लागतो, आणि त्यातील बहुतांश रस वाटेतच कोठेतरी थांबून गोठतो. जो थोडा भाग भूपृष्ठावर पोहोचतो, त्यालाच लाव्हा होण्याची संधी मिळते.

या दोहोंत खरा भेद पडतो तो वायूंमुळे. गोटीसोड्याच्या बाटलीतली गोटी दाबल्याबरोबर पाण्यात विरघळलेला वायू जसा उसळतो, तसे शिलारस वर येताना होते. खोलवर दाब असेपर्यंत वायू द्रवात मुकाट राहतात आणि दाब उतरला की त्यांचे बुडबुडे होतात. पाणी विरघळलेले असते तोवर शिलारस तुलनेने कमी तापमानालाही द्रव राहू शकतो. ते निघून गेले की त्याच तापमानाला स्फटिक बनू लागतात आणि रस घट्ट होतो. म्हणजे लाव्हा केवळ हवा लागल्याने दाट होतो असे नाही, तो वायू गमावल्यामुळेही दाट होतो. हवाई बेटांतील बेसाल्ट जातीच्या शिलारसात पाण्याचे वजनी प्रमाण एक टक्क्याहून कमी असते, तर समुद्रतळ खचणाऱ्या पट्ट्यांवरच्या ज्वालामुखींत ते चार टक्के किंवा त्याहूनही अधिक असू शकते. एवढ्या फरकामुळे एक ज्वालामुखी शांतपणे वाहतो आणि दुसरा डोंगराचा माथा उडवतो.

थंड झालेला लाव्हा प्रयोगशाळेत नेऊन तपासला, तर मूळ शिलारसात किती वायू होते हे त्यातून कळत नाही, कारण ते कधीच उडून गेलेले असतात. त्यासाठी अभ्यासक लाव्हामधील ऑलिव्हिनसारख्या स्फटिकांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. स्फटिक खोलवर वाढत असताना त्याच्या पोटात शिलारसाचे केसाच्या जाडीएवढे थेंब अडकलेले असतात आणि काचेच्या रूपात गोठून राहिलेले असतात. त्या थेंबांतले पाणी आणि गंधक मोजता येते. लाव्हाच्या दगडात बंदिस्त राहिलेला तो शिलारसाचा नमुनाच होय, आणि तो शेजारच्या लाव्हापेक्षा घटकांनी वेगळा निघतो, यापेक्षा स्पष्ट पुरावा मला सांगता येणार नाही.

वर आलेला प्रत्येक शिलारस लाव्हा होतो असेही नाही, आणि ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा सुटते. वायू फार असतील आणि रस चिकट असेल, तर बुडबुड्यांच्या जोराने त्याच्या वाटेतच चिंधड्या होतात आणि बाहेर पडते ती राख व प्यूमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा फेसासारखा दगड. त्याला लाव्हा म्हणत नाहीत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसजवळचे पाँपेई नगर गाडले गेले ते प्यूमिसच्या वर्षावाखाली आणि डोंगरावरून वेगाने आलेल्या तप्त राख-वायूच्या लोटांखाली. ज्या डोंगराच्या प्रवाहांवरून लाव्हा हे नाव रूढ झाले, त्याच डोंगराचा सर्वांत प्रसिद्ध उद्रेक लाव्हाचा नव्हता, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

व्याख्येची सीमा कोठे धूसर होते, हे हवाईतील किलाउएआ इकी या विवरात दिसते. तेथे नोव्हेंबर व डिसेंबर १९५९ मध्ये झालेल्या उद्रेकात लाव्हाची कारंजी उडाली आणि विवरात शंभर मीटरहून अधिक खोल लाव्हाचे सरोवर साचले. कारंजे थांबले की सरोवरातला काही लाव्हा पुन्हा त्याच मुखातून आत ओघळत असे. आत परतलेल्या त्या रसाला शिलारस म्हणावे की लाव्हा? जागेच्या व्याख्येने तो पुन्हा शिलारस झाला. पण त्यातले बरेच वायू निघून गेले होते, म्हणून गुणधर्मांनी तो पूर्वीचा शिलारस राहिला नव्हता. सरोवरावर लवकरच कठीण साय धरली, शास्त्रज्ञांनी तिच्यावर उभे राहून छिद्रे पाडली, आणि खालचा रस पूर्ण गोठायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. सायीखाली इतकी वर्षे वितळलेला राहिलेला तो रस जमिनीखाली असूनही लाव्हाच होता, कारण तो एकदा भूपृष्ठावर येऊन साचलेला होता.

खऱ्या शिलारसाला माणसाची अवजारे फार थोड्या वेळा लागली आहेत. आइसलँडमधील क्राफ्ला येथे भूऔष्णिक विजेसाठी चाललेले छिद्रण २००९ मध्ये सुमारे २.१ किलोमीटर खोलीवर अनपेक्षितपणे शिलारसात घुसले आणि यंत्राबरोबर ताज्या काचेचे तुकडे वर आले. त्यापूर्वी २००५ मध्ये हवाईत सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर असेच घडले होते. एरवी शिलारस पाहता येत नाही. बारीक भूकंपांवरून, जमीन फुगल्याच्या मोजणीवरून आणि बाहेर पडणाऱ्या वायूंवरून त्याचा माग काढावा लागतो.

हा माग काढण्याने जीव वाचतात. आइसलँडच्या ग्रिंडाविक या सुमारे ३,८०० वस्तीच्या गावाखालून १० नोव्हेंबर २०२३ रोजी शिलारस जवळजवळ १५ किलोमीटर लांबीच्या उभ्या भेगेत घुसला. रस्ते फाटले, जमीन खचली आणि रातोरात गाव रिकामे करण्यात आले, जरी त्या दिवशी भूपृष्ठावर लाव्हाचा एक थेंबही नव्हता. पहिला उद्रेक गावाच्या उत्तरेला १८ डिसेंबरला झाला, आणि १४ जानेवारी २०२४ रोजी लाव्हा गावाच्या कडेच्या घरांपर्यंत पोहोचला. शिलारसाचा धोका आणि लाव्हाचा धोका वेगवेगळे असतात, त्यांच्या वेळाही वेगळ्या असतात. दोहोंना एकच शब्द वापरणारा प्रशासक लोकांना नेमके काय सांगणार?

आता आपल्या दगडाकडे येतो. नाव ठरवताना दगड आज कोठे आहे हे पाहायचे नसते, तो गोठला तेव्हा कोठे होता हे पाहायचे असते. कोयना परिसरातील भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेले तीन किलोमीटरचे छिद्र बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, थरांतून सुमारे सव्वा किलोमीटर खाली गेले आणि मग थेट ग्रॅनाइटच्या जातीच्या पुरातन खडकात शिरले. त्या सव्वा किलोमीटरच्या तळाचा बेसाल्ट आज एवढ्या खोलवर असला तरी तो लाव्हाच आहे, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो उघड्या जमिनीवर पसरला आणि त्याच्यावर पुढचे थर एकामागून एक चढत गेले. याउलट गिरनारला दत्तशिखराच्या वाटेवर हजारो पायऱ्या चढणाऱ्या भाविकांच्या पायाखाली जो खडक असतो, तो उंच आकाशात असूनही मुख्यतः शिलारसाचा आहे. दख्खनच्या ज्वालामुखी काळातच तो जमिनीखाली साठून, सावकाश निवून, डोळ्यांना दिसतील अशा स्फटिकांचा झाला आणि वरचे आवरण झिजून गेल्यावर उघडा पडला. एक सूक्ष्म भेद येथे लक्षात ठेवावा. लाव्हा गोठून दगड झाला तरी भूवैज्ञानिक त्याला लाव्हाच म्हणतात. शिलारस गोठला की मात्र ते नाव संपते आणि त्याला ग्रॅनाइट, गॅब्रो, डोलेराइट अशी खडकांची नावे लागतात.

सह्याद्री हा बहुतांशी लाव्हाचा आहे. अजिंठ्याची लेणी, वेरूळचे कैलास, कार्ले आणि भाजे ही सर्व लाव्हाच्या थरांत कोरलेली आहेत. घाटातल्या कोणत्याही कड्याकडे दुरून पाहिले तर पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात, आणि दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबडा मातकट पट्टा आढळतो. एक थर पसरल्यानंतर पुढचा येईपर्यंत त्याचा माथा किंवा त्यावर पडलेली राख ऊनपावसात कुजून तो पट्टा झाला. ऊनपाऊस लागल्याची ती खूण शिलारसाच्या खडकात कधी सापडत नाही. थराच्या वरच्या भागात वायू निसटताना राहिलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांत पुढे पाण्यातून झिओलाइटसारखी खनिजे वाढली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेले कॅव्हनसाइट हे निळे खनिज जगभरच्या संग्रहालयांत गेले, त्याची सुरुवातही अशा पोकळीतच झाली. विहिरी खणणारे या पोकळ्यांच्या दगडाला मांजऱ्या म्हणतात आणि तो लागला की त्यांना पाण्याची आशा वाटते, कारण त्याखालच्या भरीव काळ्या कातळात भेगा असल्याशिवाय पाणी फारसे राहत नाही.

शिलारसाचा खडक सह्याद्रीत नाही असे मात्र नव्हे. लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्या भेगांत शेवटचा रस गोठून दगडी भिंती झाल्या, त्यांना आम्ही डाइक म्हणतो. धुळे-नंदुरबार भागात त्या शेकडोंनी आहेत, साधारण पूर्व-पश्चिम दिशेने धावतात, आणि साक्री, धुळे व पारोळा यांच्या परिसरातून जाणाऱ्या एका डाइकची लांबी ७९ किलोमीटर मोजलेली आहे. सभोवतालचा लाव्हा झिजून त्या कणखर भिंती टेकड्यांच्या रांगेसारख्या उभ्या राहतात. डाइक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. लाव्हाचा थर खालून आणि वरून निवत असल्यामुळे त्याला तडे जाऊन होणारे खांब उभे असतात, तर डाइक दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून निवत असल्यामुळे त्याचे खांब आडवे असतात, परसात सरपण रचून ठेवावे तसे. त्याच्या कडांना दगड अतिशय बारीक कणांचा असतो आणि मध्याकडे जाऊ तसे कण मोठे होतात.

ही ओळख शेतकऱ्याच्या फार उपयोगाची आहे. भरीव डाइक जमिनीखालच्या पाण्याला बांधासारखा अडवतो. त्याच्या चढाकडच्या अंगाची विहीर चैत्र-वैशाखापर्यंत टिकते आणि काही पावलांवरची उताराकडची विहीर मार्गशीर्षातच तळ दाखवते, असे मी धुळे जिल्ह्यात अनेकदा पाहिले आहे. डाइक तडकलेला असेल तर उलट तोच पाणी वाहून नेतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी दगड फोडून पाहण्याला पर्याय नाही.

सर्वांत कठीण परीक्षा असते ती सिलची, म्हणजे दोन थरांच्या मध्ये आडव्या घुसून गोठलेल्या शिलारसाची, कारण सिल आणि लाव्हाचा थर दुरून सारखेच दिसतात. उमेदवारीच्या काळात सातपुड्यात गोंडवनी नावाच्या पुरातन वालुकाश्मामध्ये सापडलेला एक काळा थर मी नकाशात लाव्हा म्हणून रंगवला होता. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता मला पुन्हा त्या ओढ्यात नेले आणि थराच्या वरच्या वालुकाश्मावर हातोडा मारायला सांगितले. तो भाजल्याने कडक झाला होता. लाव्हा आपल्या खालचाच थर भाजतो, कारण तो वाहतो तेव्हा त्याच्यावर केवळ आकाश असते; सिल मात्र वरचा आणि खालचा असे दोन्ही थर भाजते. तेव्हापासून कोणत्याही काळ्या थराचे नाव लिहिण्याआधी मी त्याच्या माथ्यावरचा दगड पाहतो.

जाता जाता लोणारचा उल्लेख करतो, कारण ते विवर ज्वालामुखीचे असल्याचे अजूनही सांगितले जाते. ते अशनीच्या आघाताने लाव्हाच्या थरांत पडले. त्या आघाताने वितळून तेथे काचही झाली आहे, पण ती शिलारसाचीही नाही आणि लाव्हाचीही नाही. आधीच दगड झालेला लाव्हा आघाताच्या उष्णतेने पुन्हा वितळून ती झाली.

आपल्या विद्यार्थ्यांना एकच नमुना दाखवायचा असेल, तर कसारा घाटातला किंवा मंचरच्या परिसरातला, मोठ्या पांढुरक्या स्फटिकांचा बेसाल्ट मिळवावा. काळ्या दगडात तांदळाच्या पापडीसारखे चपटे, कित्येक सेंटिमीटर लांबीचे प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक विखुरलेले असतात. एवढे मोठे स्फटिक वाहत्या, झपाट्याने निवणाऱ्या लाव्हात वाढू शकत नाहीत. ते शिलारस खोलवर थांबलेला असताना सावकाश वाढले, आणि त्यांना घेऊन तो रस वर आल्यावर त्यांच्या सभोवतालचा बारीक कणांचा काळा भाग लाव्हा म्हणून गोठला. दगड ओला करून उन्हात तिरका धरावा. ते स्फटिक चकाकतात आणि कोठे ते एका दिशेला कललेले दिसतात, लाव्हा ज्या दिशेने वाहिला त्या दिशेला.